कुणाचं चांगभलं?

छापखान्यात मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं आणि चूक असेल तिथं लाल खूण करायची, एवढंच काम. शिशाच्या खिळ्यांचे दिवस होते तेव्हा लग्नसराई आली की कंपोझिटर पत्रिकेचा मजकूर एकदाच जुळवून बांधून ठेवायचा. नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता तेवढा बदलायचा, बाकीचा मजकूर हंगामभर तसाच उभा. त्यात एक ओळ होती : ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की...’ कुणाचंही लग्न असो, आनंद तोच, त्याच खिळ्यांतून उमटणारा. ती ओळ इतक्यांदा छापली गेली की ‘आनंद’वरचा अनुस्वार झिजून नाहीसा झाला. मी दर वेळी खूण करायचो आणि कंपोझिटर दर वेळी म्हणायचा, ‘‘असू दे की अण्णा. लोकांस्नी कळतंय.’’ त्याचं खरं होतं. ती ओळ कुणी वाचतच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर दुपार खायला उठते म्हणून पुतण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसतो. कोल्हापुरात फ्लेक्सला मरण नाही. वाढदिवस, कुस्तीची गदा, फुटबॉलचा चषक, बैलाची शर्यत, काहीही झालं की चौकात फ्लेक्स लागतो. मजकूर शुद्ध करून द्यायचं काम पुतण्यानं माझ्याकडं दिलंय. बिनपगारी, पण चहा मिळतो.

दोनेक वर्षांमागं पन्हाळ्याकडचा एक शेतकरी दुकानात आला. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, पायांत करकरती कापशी चप्पल. मुलगी फौजदार झाली होती. मोबाइलमधला तिचा फोटो त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवला, चहा देणाऱ्या पोरालासुद्धा. मी माझ्या सवयीनं मजकूर लिहून दिला : ‘आमच्या कन्येची पोलीस उपनिरीक्षकपदी निवड झाल्याचे कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे.’ त्यानं तो कागद हातात धरून सावकाश वाचला, टोपी मागं सारली आणि म्हणाला,

‘‘अण्णा, ह्ये सोसायटीच्या नोटिशीवानी वाटतंय बघा.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘वर मोठ्यानं ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ घाला. खाली पोरीचं नाव. बास.’’

‘मोठ्या अक्षरांत’ म्हणायचं होतं त्याला. म्हणाला ‘मोठ्यानं’. आणि खरं सांगायचं तर तोच शब्द बरोबर होता. चाळीस वर्षं माझी लाल रेघ लोकांच्या वाक्यांवर फिरली. माझ्या वाक्यावर कुणी फुली मारली ती पहिलीच.

घरी आलो तरी शब्द डोक्यातून जाईना. लहानपणापासून कानावर पडलेला, त्यामुळं त्याच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. रात्री कपाटातून कृ. पां. कुलकर्ण्यांचा 1946 सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ काढला, आणखी दोन-चार पुस्तकं काढली, चष्मा पुसला आणि मुद्रित तपासावं तसा शब्द सुटा केला. चांग आणि भलं.

चांग म्हणजे चांगलं. प्राकृतात ‘चंग’ म्हणजे सुंदर, छान. बाराव्या शतकात हेमचंद्रानं देशी शब्दांचा जो कोश केला, त्यात हा ‘चंग’ आहे. देशी म्हणजे ज्यांचं संस्कृतातलं मूळ पंडितांना सांगता येत नव्हतं असे शब्द. लोकांच्या तोंडी होते म्हणून त्यानं टिपून ठेवले. पंजाबी माणूस ‘चंगा’ म्हणतो तो हाच. भलं मात्र मोठ्या घरचं. वेदातल्या ‘भद्र’चं प्राकृतात ‘भल्ल’ झालं आणि त्याचं मराठीत भलं. बंगाल्यांचा ‘भालो’ हा त्याचाच भाऊ. म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर एका हाकेत पंजाब आणि बंगाल येऊन मिळतात, आणि ज्याच्या कुळाचा पत्ता नाही तो देशी शब्द वेदातल्या शब्दाच्या मांडीला मांडी लावून बसतो. राजर्षी शाहूंच्या मुलखाला ही पंगत शोभून दिसते.

अर्थ दोन्हींचा एकच. चांगलं-चांगलं. मराठीला अशी जोडी लावायची खोडच आहे. कागद फारसी, पत्र संस्कृत, आपण दोन्ही बांधून कागदपत्र करतो. धनदौलत, बाजारहाट, रीतिरिवाज, सगळी तीच तऱ्हा. एका शब्दात मन भरत नाही तेव्हा आपण दुसरा शेजारी बसवतो.

पण मुद्रितशोधकाच्या डोळ्याला आणखी एक गोष्ट खुपली. या वाक्यात क्रियापद नाही. ‘असो’ नाही, ‘होवो’ नाही. कर्ताही नाही. कुणाचं चांगभलं? माझं? तुझं? गावाचं? काही सांगितलेलं नाही. आहे ते फक्त एक नाव आणि ‘नावानं’ हा शब्द. आता हे ‘नावानं’ मराठीत एरवी कशाला वापरतात ते आठवा. कुणाच्या नावानं बोटं मोडतात, कुणाच्या नावानं शंख करतात, शिमग्याला तर नाव घेऊन बोंबच मारतात. माणसाचं नाव घेऊन वाईट बोलायची एवढी सोय असलेल्या भाषेत एका देवाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, चांगलं होऊ दे. कुणाचं ते देवाला माहीत.

त्या रात्री मग आनंदाचे बाकीचे शब्दही काढून बघितले. ‘आनंद’ निघतो नंद् या धातूपासून. याच धातूपासून आपलं ‘नांदणं’ आलंय, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. हजारो लग्नपत्रिका तपासल्या, सासरी नांदायला जाणाऱ्या मुलींची नावं ऱ्हस्व-दीर्घासकट बिनचूक छापली, आणि नांदणं म्हणजे मुळात आनंदात असणं हे माझ्या गावी नव्हतं. किती घरांत त्या शब्दातला आनंद गेला आणि नुसतं राहणं उरलं, हा हिशेब कोशात नाही. नणंदेची जुन्या पंडितांनी सांगितलेली फोड मात्र आहे : काही केलं तरी जी नंदत नाही ती. ही फोड कुठल्या पंडितानं केली असेल आणि त्याच्या घरात तेव्हा काय चाललं असेल, ते सहज दिसतं.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं मोजमापच मांडलंय. आधी एक माप धरलं : तरुण, सज्जन, शिकलेला, पिळदार अंगाचा, बळकट माणूस, आणि धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याची. हा माणसाचा एक आनंद. वाचताना मला गंगावेस तालमीतला पोरगाच डोळ्यांसमोर आला, फक्त पृथ्वीऐवजी त्याच्या नावावर एखादी म्हैस घालायची. तिथून वर गंधर्व, पितर, देव, इंद्र अशा पायऱ्या, आणि दर पायरीला आनंद शंभरपट. पार ब्रह्मापर्यंत. मात्र प्रत्येक पायरीवर उपनिषद एक गोष्ट पुन्हा सांगतं : ज्या ज्ञात्याला कसली हाव उरली नाही, त्याचाही आनंद एवढाच. एवढ्या शंभरपटींचा हिशेब केला आणि शेवटी माप त्याच्या हातात दिलं, ज्याला स्वतःसाठी काही नको.

‘हर्ष’ तर अजब निघाला. हृष् धातूचा मुळातला अर्थ केस उभे राहणं. रोमहर्ष म्हणतो ना आपण. अंगावरच्या केसांसाठी पाणिनीनं या धातूचं वेगळं सूत्र केलंय. लॅटिन भाषेत याच मुळापासून थरकापाचा शब्द झाला आणि तो फिरत फिरत आपल्याकडं ‘हॉरर सिनेमा’ होऊन आला. हर्ष आणि हॉरर सख्खी भावंडं. पटत नसेल तर गीता उघडा. पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो आप्तांना समोर बघून, विषादानं. अठराव्यात संजय पुन्हा पुन्हा हर्षतो तो कृष्णार्जुनांचा संवाद आठवून. धातू तोच. मराठीनं तर भेदच ठेवला नाही. भुताची गोष्ट ऐकली तरी अंगावर काटा येतो आणि पोरगं पदक घेऊन व्यासपीठावर उभं राहिलं तरी काटाच येतो.

माझ्या अंगावर पहिला असा काटा आला तो जोतिबाच्या डोंगरावर. वय आठ की नऊ.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेठेत मापाडी होते. अबोल माणूस. दिवसभर ज्वारी मापायची आणि मापं मोजायची, तेवढंच काय ते तोंड उघडायचं. त्या मोजणीतही गंमत होती. पहिलं माप पडलं की मापाडी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. मी विचारलं होतं, की आबा, हा लाभ कुणाला? घेणाऱ्याला की देणाऱ्याला? आबा म्हणाले, ‘‘त्ये मापाड्यानं इचारायचं नसतं.’’ आणि पुढची पायली भरली.

आनंद झाला असं आबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी निकालाचा कागद उलटसुलट बघितला, घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला आणि पुन्हा कामाला गेले. संध्याकाळी पावशेर जिलेबी आणली. झालं. पण चैत्र पुनवेला हा माणूस बदलायचा.

कोल्हापूरपासून वायव्येला 17-18 किलोमीटरवर वाडी रत्नागिरी, तिथं जोतिबा. आत्ता दिसतं ते मुख्य देऊळ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घराण्यातल्या राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलं. जोतिबा शिंद्यांचं कुलदैवत, तसं ते आमच्यासारख्या मापाड्याचंही. आम्ही चालत जायचो, गायमुखाकडच्या पायवाटेनं. पहाटे निघायचं, ऊन तापायच्या आत डोंगर चढायचा. वर पोचायच्या आधी वास यायचा. दवण्याचा. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात. चुरगळला की त्याचा असा काही दरवळ सुटतो की पायांतला शीण निघून जातो. मग हलगी ऐकू यायची. आणि शेवटच्या वळणावर सासनकाठ्या दिसायच्या.

सासनकाठी म्हणजे आभाळाला टेकलेला बांबू म्हणा. रंगीत कापडानं मढवलेला, फुलांच्या माळा लावलेला. एक गडी कमरेच्या पट्ट्यात त्याचा बुंधा पेलतो, चौघे चार बाजूंना दोर ताणून धरतात, आणि हलगी तापली की तो गडी काठीसकट नाचतो. गावोगावच्या काठ्या येतात, त्यांचा मान ठरलेला. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा. काठी एका अंगाला कलली की हजारो लोकांचा श्वास अडकतो, दोरवाले मागं रेलतात, काठी सरळ होते, आणि त्या सुटलेल्या श्वासातून एकच हाक उठते.

तेव्हा मी आबांच्या खांद्यावर होतो. सगळीकडं गुलाल. डोंगर गुलाबी, माणसं गुलाबी, बैलांची शिंगं गुलाबी. वरून खोबऱ्याच्या वाट्या उधळत होत्या, त्यातली एक येऊन माझ्या कपाळावर बसली. मी भोकाड पसरणार एवढ्यात माझ्या मांड्यांखाली आबांची छाती फुगली. दुपारभर दोन शब्द न बोलणारा माझा बाप ओरडला. ‘जोतिबाच्या नावानं...’ आणि पुढचा शब्द त्यांना म्हणावाच लागला नाही. तो सगळ्या डोंगरानं म्हटला.

तो आवाज मी कानांनी ऐकला नाही, आबांच्या खांद्यातून ऐकला. काटा आला. भीतीचा की आनंदाचा, आजही सांगता येत नाही. आबांनी ती खोबऱ्याची वाटी खाली वाकून उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली, दगडावर फोडली आणि अर्धी मला दिली. अर्धी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी पोराला. मला राग आला होता. कपाळ माझं फुटलं होतं.

पुढं वाचनात आलं की मोठ्या आनंदाचे शब्द जगात बऱ्याच ठिकाणी असे आरोळीतूनच निघालेत. सिनेमाची ज्युबिली आपल्याला माहीत. कोल्हापूर तर सिनेमाचं गाव. या ज्युबिलीचं मूळ ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेत, ‘योबेल’. योबेल म्हणजे एडका, आणि त्याचं शिंग. दर पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकायचं, गुलामांना मोकळं करायचं, गहाण गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत करायच्या, असा त्यांच्या धर्मग्रंथाचा दंडक. तो शब्द रोमनांच्या मुलखात आला तिथं त्याला जोडीदार भेटला, ‘युबिलारे’, म्हणजे आरोळी ठोकणं. वारो नावाच्या रोमन पंडितानं दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय की ही आरोळी खेडवळ लोकांची. शहरातल्या माणसांच्या ओरडण्याला वेगळा शब्द होता. वाचून मला तो कापशी चपलेवाला आठवला. रोममध्येही कुणा अण्णानं शुद्ध वाक्य लिहून दिलं असेल आणि कुणा शेतकऱ्यानं ते नोटिशीवानी वाटतंय म्हणून परत केलं असेल.

आपल्याकडं तर दर देवाची आरोळी निराळी. खंडोबाला यळकोट, हा शब्द कानडीतला, एळु कोटी, म्हणजे सात कोटी. आंबाबाईचा उदो उदो. उदो म्हणजे उदय, वर ये, उगव. आता आमची आंबाबाई पश्चिमेला तोंड करून उभी आहे. तिचा किरणोत्सव होतो तो मावळतीच्या उन्हाचा. सूर्य बुडता बुडता त्याची किरणं महाद्वारातून आत येतात, आधी पायांना लागतात, मग वर चढतात. बाहेर दिवस मावळत असतो आणि आत माणसं उदो म्हणत असतात. या विसंगतीवर आजवर कुणी हरकत घेतलेली मला ठाऊक नाही. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टण कोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तिथं गुलालाऐवजी भंडारा, सगळं पिवळंधमक, धनगरी ढोलांनी जमीन हादरते. पण हाक पुन्हा तीच. देवाचं नाव बदलतं, चांगभलं बदलत नाही.

शाळेत व्याकरणाच्या तासाला केवलप्रयोगी अव्ययं शिकवायचे. हर्षदर्शक कोणती? वा, अहाहा, ओहो. आम्ही घोकली. आमच्या वर्गातलं एकही पोरगं जन्मात कधी ‘अहाहा’ म्हणालं नव्हतं. चांगभलं मात्र सगळी म्हणत होती, आणि ते यादीत नव्हतं.

आताची पोरं आनंद झाला की ‘नाद खुळा’ म्हणतात. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, त्या दिवशी माझ्या मोबाइलवर आलेल्या संदेशांत निम्म्याहून जास्त नाद खुळे होते. सुरुवातीला मला हा शब्द थिल्लर वाटायचा. मग तोही सुटा करून बघितला. नाद म्हणजे आवाज. त्याच नद् धातूपासून नदी. वाहताना आवाज करते ती नदी, असं यास्कानं निरुक्तात सांगितलंय. मराठीत नादाला दुसरा अर्थ आला : छंद, वेड. गाण्याचा नाद, कबुतरांचा नाद, तालमीचा नाद. आणि पुढं खुळा. म्हणजे ज्याच्या ठायी आवाज आहे, वेड आहे, आणि शहाणपण तेवढं नाही, असा आनंद. आपल्या आजी-आजोबांचा ‘हर्षवायू’ तरी याहून काय वेगळा होता? हर्षाचा वायू झाला, डोक्यात गेला, माणूस खुळावला. पंडितांनी वैद्यकात घातला तो हर्षवायू आणि रिक्षावाल्यानं रिक्षाच्या पाठीवर लिहिला तो नाद खुळा. एवढाच फरक.

वर्तमानपत्रांचं आनंदाला पूर येणं, उधाण येणं, भरतं येणं मात्र आमच्या गावाला मानवत नाही. पावसाळ्यात कोल्हापूरची माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘किती फूट’ विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी घराच्या पत्र्यावर बसून नावेची वाट बघितली, त्यांना ‘आनंदाचा महापूर’ असा मथळा वाचायला लावू नये. नदीचा नाद ऐकून काटा येतो, पण तो दुसरा काटा.

कुठलाही शब्द वापरात राहिला की मळतो, तसा चांगभलंही मळलाय. आता पेपरात वाचतो : ठेकेदारांचं चांगभलं, संचालकांचं चांगभलं. रस्त्याच्या कामात अमुक साहेबांनी स्वतःचं चांगभलं करून घेतलं. हा अर्थ नवा नाही, मीच अशा मथळ्यांची कित्येक मुद्रितं तपासली आणि त्यांत व्याकरणाची चूक काढता आली नाही म्हणून पुढं पाठवली. ‘नाद’चीही तीच गत. नाद खुळा ही दाद होती, तिची धमकी झाली : ‘आमचा नाद करायचा नाय’. फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेला फोटो आणि खाली ही ओळ. पुतण्या छापतो, मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो. मिरवणुकीत हलगीच्या जागी साउंड सिस्टिमच्या भिंती आल्या. त्यांच्या आवाजानंही छाती हलते, पण ती कुणाच्या खांद्यावर बसून हललेली नसते. आणि त्या आवाजात शेजारचा काय म्हणाला ते ऐकू येत नाही.

बिघडलं कुठं, ते मला त्या मथळ्यांतच सापडलं. शब्द तेच, चांग आणि भलं. फक्त पुढं एक षष्ठी आली. ठेकेदारांचं. स्वतःचं. आपलं. ज्या जागेवर कुणाचंच नाव नव्हतं तिथं कुणीतरी आपलं नाव लिहिलं आणि आशीर्वादाची चोरी झाली. आबांना हे व्याकरण न शिकता ठाऊक होतं. लाभ कुणाचा, ते मापाड्यानं विचारायचं नसतं. विचारलं की माप खोटं पडायला लागतं.

2020 आणि 2021, दोन्ही वर्षी करोनामुळं चैत्र यात्रा झाली नाही. त्यांतल्या एका पुनवेच्या सकाळी मी गच्चीवर गेलो. आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रुग्णवाहिकेचा भोंगा तेवढा मधूनच. गल्लीत दोन घरं सोडून एक म्हातारी राहते. तिनं वायव्येकडं तोंड केलं, हात जोडले आणि हाक दिली. अर्धीच. ‘जोतिबाच्या नावानं...’ म्हणून ती थांबली. सवयीनं थांबली, पुढचं दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. समोरच्या गच्चीवरून एक पोरगा, मागच्या गल्लीतून कुणी बाई, मी, असे पाच-सहा आवाज आले. विस्कळीत, मास्कमधून आलेले. त्या वेळी गल्लीतल्या दोन घरांत माणसं दवाखान्यात होती. कुणाचं चांगभलं, हे त्या सकाळी कुणी विचारलं नाही. काटा आला होता. कुठला, ते मी आता शोधत बसत नाही.

त्या शेतकऱ्याचा फ्लेक्स मी त्याच्या म्हणण्याप्रमाणं करून दिला. वर हाक, खाली पोरीचं नाव आणि पद, मधोमध तिचा टोपी घातलेला फोटो. छापून आल्यावर दिसलं की ‘चांगभलं’वरचा शेवटचा अनुस्वार गळालाय. पुतण्याला म्हणालो, दुसरा छाप, पैसे माझ्याकडून घे. शेतकऱ्यानं फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर टाकलासुद्धा. ‘‘असू दे की अण्णा,’’ तो म्हणाला, ‘‘ऐकू येतंय न्हवं?’’ शुभेच्छुक म्हणून खाली कुणाकुणाची नावं घालायची, हे पुतण्यानं त्याला दोनदा विचारलं होतं. त्यानं एकही घातलं नव्हतं, स्वतःचंही नाही.

येत्या चैत्र पुनवेला डोंगरावर आलात तर दोन गोष्टी सांभाळा. डोळ्यांत गुलाल जातो, पंचा बरोबर असू द्या. आणि शेजारच्या कुणी अर्धी हाक दिली, तर तो कोण, कुठला, कुणासाठी ओरडतोय ते विचारत बसू नका. उरलेली अर्धी तुम्ही म्हणा.